एकाच जिल्ह्यात स्ट्रॉबेरी आणि ज्वारी, असं का?

प्रश्न: आमचं गाव माण तालुक्यात. महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात, तिकडे लोक स्ट्रॉबेरीवर पैसे कमावतात आणि आमचे चुलते अजून ज्वारी-बाजरीच करतात. मुलाच्या भूगोलात जिरायती, बागायती असे प्रकार आहेत, पण कुणी कुठली शेती करायची हे ठरतं कशावर? की आमच्याकडची मानसिकताच तशी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: चुलत्यांना नावं ठेवू नका हो. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि तेच ढग माणात येईस्तोवर रिकामे झालेले असतात, दहिवडी-म्हसवडकडे कसाबसा 500 च्या आसपास पडतो. पण स्ट्रॉबेरी काही पावसावर येत नाही, पावसात ती सडते, म्हणून पाऊस ओसरला की गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर लावतात, मल्चिंग पेपर (माती झाकायचा प्लास्टिक कागद), ड्रिप, सगळा खर्च आधी! तिला हवी थंडी, ती 1,300 मीटर उंचीवर मिळते. शिवाय फळ टिकत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईचं मार्केट रातोरात गाठावं लागतं, उरलेला माल घ्यायला पाचगणीकडे जॅमवाले आहेत, आणि टुरिस्ट तर दारातच.

आता मालदांडी, म्हणजे रब्बीची ज्वारी बघा. तुमच्याकडे भरवसा परतीच्या पावसाचा, त्यावर पेरायची, मग थेंब नाही पडला तरी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर पीक निघतं. दाणा कमी भरला तरी कडबा हातात येतो, आणि दुष्काळात जनावरं जगतात ती कडब्यावरच. बिनपाण्याच्या रानात एवढी जोखीम सांभाळणं याला मी तरी हुशारीच म्हणेन.

आणि पाणी आलं की हेच लोक पीक बदलतात. उरमोडी धरणाचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस दिसायला लागला, ड्रिपवर डाळिंबं तर माणात कितीतरी जणांनी केलीत. मानसिकता आड आली असती तर हे झालं असतं का?

तुम्हाला खरंच काही नवीन करायचं असेल तर आधी रानात खड्डा घेऊन माती किती खोल आहे बघा, माती परीक्षण करा, आणि मार्च-एप्रिलात विहिरीला किती पाणी असतं ते चुलत्यांनाच विचारा. रान मुरमाड असेल आणि उन्हाळ्यात ड्रिपपुरतं पाणी निघत असेल तर डाळिंबाचा विचार करा. भारी काळं, पाणी धरून ठेवणारं रान असेल तर डाळिंबाच्या नादी लागू नका, तिथे ज्वारीच बरी.