राजानं हाक दिली आणि लाखाचं सैन्य उभं राहिलं, असं खऱ्या मध्ययुगात व्हायचं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: फँटसी कादंबऱ्यांतली राज्यं खऱ्या मध्ययुगाशी कितपत जुळतात, आणि राजाच्या एका हाकेवर लाखभर सैनिक खरंच गोळा व्हायचे का. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण पहिलीचं त्यातूनच निघतं. या कादंबऱ्या बहुतेक करून पश्चिम युरोपच्या मध्ययुगावर बेतलेल्या असतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतो.

लाखाचं सैन्य तिथे दिसत नाही. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत अख्खं इंग्लंड पणाला लागलं होतं, तरी दोन्ही बाजूंना सात-आठ हजारांच्या आसपासच माणसं होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. १४१५ साली इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री कित्येक महिन्यांच्या तयारीनंतर फ्रान्सवर चालून गेला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे १२,००० लढवय्ये होते. हार्फ्लर या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात हगवणीची साथ पसरली, कितीतरी मेले, कितीतरी आजारी होऊन परतले. आजँकूरच्या प्रसिद्ध लढाईत त्याच्याकडे सहा ते नऊ हजारच माणसं उरली होती.

कारण शौर्याचं नाही, दाणागोट्याचं आहे. हिशेब करून पाहा. माणशी दिवसाला किलोभर धान्य धरलं तर लाख माणसांना रोज १०० टन लागेल. एका बैलगाडीत अर्धा टन मावतो असं धरा, म्हणजे रोज २०० गाड्या रिकाम्या होणार. बरोबर वीस हजार घोडे असतील तर त्यांच्या दाण्याला जवळपास तेवढ्याच गाड्या आणखी, वैरण वेगळीच. गाडी ओढणारे बैलही खाणार, त्यामुळे रसद जितकी लांबून आणावी तितकी ती वाटेतच संपत जाते. १३००च्या सुमाराला लंडनची लोकसंख्या बहुतेक अंदाजांनुसार लाखाच्या आतच होती. म्हणजे हे सैन्य लंडनहून मोठं, आणि रोज मुक्काम हलवणारं. शिवाय कादंबरीत सहसा न दिसणारे बाजारबुणगे असतातच: लोहार, भटारी, गाडीवान, धोबिणी, सैनिकांच्या बायका. म्हणूनच सैन्य पसरून चालायचं आणि वाटेतल्या मुलखातून धान्य ओरबाडायचं. शत्रूची गावं जाळत जाणं हा तर मोहिमेचा ठरलेला भाग होता. मोठ्या मैदानी लढाया क्वचित होत. युद्ध म्हणजे मुख्यतः वेढे आणि लूट.

आता राजाकडे वळू. फँटसीतला राजा आज्ञा देतो आणि ती पाळली जाते, किंवा मग थेट बंड होतं. खरा राजा या दोन टोकांच्या मध्ये, सतत घासाघीस करत जगायचा. जमिनीच्या बदल्यात सरदारानं द्यायची लष्करी चाकरी अनेक ठिकाणी वर्षाला ४० दिवसांची असे. त्यापुढे थांबवायचं तर पैसे मोजावे लागत. पाचव्या हेन्रीनं सरदारांशी रीतसर करार केले होते, आणि पुढच्या पगाराची हमी म्हणून राजघराण्याचे दागिने त्यांच्याकडे तारण ठेवले होते. हा प्रसंग मला कुठल्याही काल्पनिक दरबारापेक्षा जास्त नाट्यमय वाटतो. त्याच्या आधी इंग्लंडच्याच तिसऱ्या एडवर्ड राजानं फ्लॉरेन्सच्या बार्डी आणि पेरुझ्झी या पेढ्यांकडून कर्ज काढून युद्ध चालवलं. १३४०च्या दशकात त्या पेढ्या बुडाल्या, त्याच्या कारणांत हे थकलेलं कर्जही होतं. आणि इंग्लंडच्या जॉन राजानं १२०४ साली फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत गमावल्यावर ती परत मिळवण्यासाठी सरदारांना पिळून काढलं, तेव्हा १२१५ साली त्यांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारांवर मर्यादा घालणारी सनद, मान्य करून घेतली. सरदारांशी सल्लामसलत न करता असे कर बसवायचे नाहीत, हे त्यातलं एक कलम होतं.

चर्च तर फँटसीत बऱ्याचदा शोभेपुरतंच असतं. प्रत्यक्षात पोपनं बहिष्कार घालून प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं की सिंहासन डळमळायचं. म्हणून तर १०७७च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री इटलीतल्या कानोसाच्या गढीबाहेर पोपकडे तीन दिवस थंडीत क्षमा मागत उभा राहिला.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो सामान्य माणसांवर. कादंबरीत शेतकरी पळतात किंवा मरतात, एवढंच. खऱ्या गावांना वहिवाटीचे हक्क होते आणि जमीनदाराच्या न्यायसभेत ते हक्क सांगून भांडताही येई. शहरांत कारागिरांचे संघ होते, त्यांचं स्वतःचं सैन्य होतं. १३०२ साली कोर्त्रेला फ्लँडर्सच्या विणकरांनी आणि इतर शहरवासीयांनी पायी लढून फ्रान्सच्या घोडेस्वार सरदारांचा धुव्वा उडवला. १३८१ साली डोईपट्टीच्या विरोधात उठलेले इंग्लंडचे शेतकरी लंडनमध्ये शिरले, आणि १४ वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डला त्यांच्यासमोर जाऊन बोलणी करावी लागली.

वारसाहक्काची भांडणं, बालराजे, लग्नातून जुळणारे आणि तुटणारे तह या गोष्टी मात्र फँटसी छान पकडते. इंग्लंडच्या गादीसाठी १४५५ ते १४८५ या काळात झालेल्या गुलाबांच्या युद्धांत हे सगळं आहेच.

तुम्ही स्वतः कादंबरी लिहीत असाल आणि तिला मोठं सैन्य हवंच असेल, तर मोहीम नदीच्या किंवा समुद्राच्या काठाकाठानं न्या. जलमार्गानं धान्य वाहणं गाड्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडायचं. आणि घोड्यांना वाटेत हिरवं गवत मिळेल असाच मोसम निवडा.