इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमध्ये जमीनदारांच्या एवढ्या कबरी का असतात?
कारण चर्च गावाचं असलं तरी पाद्री नेमायचा हक्क बऱ्याचदा जमीनदाराकडे असायचा, म्हणून तिथे त्याचंच वजन; आणि तो हक्क चक्क विकता यायचा! आणि 1530 च्या दशकात आठव्या हेन्रीने मठ बंद केले, मग मठात पुरणाऱ्या घराण्यांनी गावचं चर्च धरलं. लेस्टरशायरमधलं बॉटेसफर्ड बघा, बीव्हर (Belvoir) किल्ल्याच्या मॅनर्स घराण्याचे पहिले आठ अर्ल (म्हणजे सरदार) तिथेच पुरलेत, वेदीच्या पुढ्यात कोरीव थडग्यांची नुसती दाटी, वेदी शोधावी लागते. सहाव्या अर्लच्या कबरीवर तर चक्क कोरलंय की त्याची दोन लहान मुलं 'दुष्ट चेटकाने' गेली. चेटकाच्या आरोपावरून 1619 मध्ये लिंकनला दोघी बहिणींना फाशी दिली, किल्ल्यातल्याच नोकरांपैकी. त्यांची कबर अर्थातच तिथे नाही.