कॉलेजच्या गावात घरं विकताना

अनेक आशीर्वाद.

घरांच्या खरेदी-विक्रीत उतरायचं ठरवलंस आणि त्यासाठी छोटं कॉलेजचं गाव निवडलंस, हे कळलं. विद्यार्थी भाड्यानं राहत असलेलं घर विकायला आलंय त्याचं काय करायचं, हे तू विचारलंस, त्याचं शेवटी लिहितो. मोठ्या शहरात हा धंदा शिकणं सोपं जातं. तिथं एखादा व्यवहार चुकीचा बसवून दिला तरी ती पार्टी पुन्हा भेटत नाही. तुझ्या गावात ती रोज भाजी घेताना भेटेल, आणि तीन-चार वर्षांनी तुझ्याच टेबलासमोर बसून म्हणेल, "बदली झाली, आता विकून द्या."

मला जे सांगायचंय ते याच्याच भोवती आहे. कॉलेजच्या गावात घर घेणारा बहुतेक वेळा जाणारा असतो. प्राध्यापक दुसरीकडे बढतीवर जातो, संशोधकाचा करार संपतो, मुलांसाठी घर घेतलेल्या आईबापांची मुलं पदवी घेऊन निघतात. म्हणून घर दाखवतानाच ते पुढं कुणाला विकलं जाईल याचं उत्तर तुझ्याजवळ तयार हवं. ते नसेल तर ते घर त्या पार्टीला दाखवूच नकोस.

पार्टी आली की बजेटच्या आधी मुक्काम विचार. इथं किती वर्षं राहणार? हा प्रश्न लोकांना आवडत नाही. नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापकाला तर मुळीच नाही, कारण त्याची नोकरी अजून कायम झालेली नसते आणि ते त्याला मोठ्यानं बोलायचं नसतं. तरी विचार. जोडीदाराची नोकरी कुठं आहे तेही विचार. गाव छोटं असलं की पुष्कळदा दोघांपैकी एकाच्याच शिक्षणाजोगं काम तिथं असतं, आणि दुसऱ्याची घुसमट हे घर विक्रीला निघण्याचं मोठं कारण आहे. खरेदीखतात ते कुठं लिहिलेलं नसतं, इतकंच.

उत्तर तीन वर्षांच्या आतबाहेर असेल तर कागद घे आणि त्याच्यासमोर हिशोब मांड. समजा शंभराचं कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता ०.९० च्या आसपास बसतो. तीन वर्षांत ३२ च्या वर भरले जातात. त्यातले २६ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम ६. घेतानाचा कर, नोंदणी, वकील, दलाली आणि पुन्हा विकतानाचा खर्च मिळून आठ-दहा टक्के कुठंही जातातच. म्हणजे भाव जागच्या जागी राहिला तर फिटलेलं मुद्दल खर्चातच गेलं. तेच घर भाड्यानं घेतलं असतं आणि वर्षाचं भाडं किमतीच्या ६ टक्के असतं, तर तीन वर्षांत १८ गेले असते, नोकरी सुटली तरी झोप शाबूत. आकडे तुझ्या गावचे घाल, रीत हीच ठेव. अशा पार्टीला सरळ भाड्याचं घर बघून दे. दलाली कमी मिळेल, पण नोकरी कायम झाल्यावर तो माणूस घर घ्यायला तुझ्याकडेच येईल.

आता गल्ल्या. बाहेरच्याला गाव एकच दिसतं, पण घरांचे बाजार तिथं निदान दोन असतात. एक विद्यार्थ्यांना माणशी भाड्यानं देण्याजोग्या घरांचा, दुसरा कुटुंबानं राहायच्या घरांचा. पहिल्यात किंमत ठरते खोल्या किती आणि कॉलेजचं फाटक किती मिनिटांवर यावर. दुसऱ्यात शांतता, शाळा, उजेड, गाडी लावायला जागा. कुटुंबाच्या गल्लीतलं घर भाडेकरू ठेवायच्या हिशोबानं घेणारा फसतो, आणि विद्यार्थ्यांच्या गल्लीत दोन लहान मुलं घेऊन राहायला जाणारं कुटुंब पहिल्याच परीक्षेनंतरच्या रात्री पस्तावतं. गल्ली एकदा सुट्टीत बघायची, एकदा सत्र ऐन भरात असताना आठवड्याच्या शेवटच्या रात्री. सुट्टीत सगळ्याच गल्ल्या शांत असतात, आणि काही विक्रेते मुद्दाम तेव्हाच घर दाखवतात.

घर आतून वाचायला शीक. मालक म्हणाला "आम्हीच राहत होतो", तर आतल्या खोल्यांच्या दारांकडे बघ. प्रत्येक खोलीच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा असेल, किंवा तो काढून भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवून वर रंग मारलेला असेल, तर तिथं एकेक खोली वेगळी भाड्यानं गेलेली आहे. हात फिरवला की लांबी बोटाला लागते. मग प्लगांची मोजणी कर. एका खोलीत चार-चार पॉइंट आणि त्यांपैकी एकाभोवती पिवळट डाग असेल, तर तिथं शेगडी किंवा हीटर चालत होता, आणि आतली वायर त्या लोडची आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं लागेल. बेसिनखालचं कपाट उघड, तळाची प्लाय फुगली आहे का बघ. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीला खालून वर चढलेली ओल बघ. दोघांसाठी बांधलेलं न्हाणीघर सहा जण वापरतात तेव्हा सगळ्यात आधी तीच भिंत बोलते. यातल्या कशानंही घर वाईट ठरत नाही. किंमत मात्र बदलते, आणि ती विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी बदलायला हवी.

मुलासाठी घर घेणारे पालक हे तुझं मोठं गिऱ्हाईक असेल. त्यांचा बेत ठरलेला असतो: मुलगी चार वर्षं राहील, दोन खोल्या भाड्यानं देऊ, शेवटी विकून नफा. बेत अगदीच वेडा नाही, पण ते भाडं बारा महिन्यांचं धरतात. तू दहाचं धर. मोठ्या सुट्टीत खोल्या रिकाम्या राहतात आणि दर वर्षी रंग-डागडुजी होतेच. किमतीच्या ६ टक्के दिसणारं भाडं दहा महिन्यांत ५ वर येतं, कर आणि दुरुस्ती वजा जाता ४ च्या आसपास. कर्ज ९ टक्क्यांचं असेल तर उरलेली सगळी मदार भाव वाढण्यावर राहते, हे त्यांना विकत घेण्याआधी कळलेलं बरं. आणखी एक. पदवी सगळ्यांच्या मुलांना एकाच वेळी मिळते, त्यामुळं अशी घरंही एकाच वेळी विक्रीला येतात. त्यांना सांग, शेवटचं सत्र सुरू व्हायच्या आधीच घर बाजारात आणा.

नियम पाहिल्याशिवाय खोल्यांचं गणित करू नकोस. एका घरात नात्याबाहेरची किती माणसं राहू शकतात, यावर जगात अनेक ठिकाणी मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून नात्याबाहेरच्या तीन ते सहा जणांनी मिळून राहायच्या घराला नियोजनाच्या कायद्यात वेगळा वर्ग आहे, आणि काही भागांत कुटुंबाचं घर त्या वर्गात न्यायला स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. लीड्सच्या हेडिंग्लेसारख्या भागात विद्यार्थी वाढत गेले आणि कुटुंबं बाहेर पडली, त्यावरून तिथं बरीच वर्षं वाद चालला. अशा ठिकाणी शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांचा भाव केवळ परवानगीमुळं वेगळा होऊ शकतो. तुझ्या पालिकेचा नियम काय आहे ते तोंडी विचारून थांबू नकोस, कागद वाच. सोसायटी असेल तर तिचे ठरावही वाच.

वेळापत्रकाचं मी फार लिहीत नाही, एका वर्षात तुला ते अंगवळणी पडेल. नेमणुकीची पत्रं निघाली की चौकशा सुरू होतात आणि सत्र सुरू झालं की आटतात. त्या खिडकीत न विकलेलं घर पुष्कळदा पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतं. तुझी पार्टी विकणारी असेल तर घराची कागदपत्रं, कर्जाचा बोजा, वारसांच्या सह्या हे सगळं हंगामाच्या आधी उरकून ठेव. घेणारी असेल आणि तिला घाई नसेल, तर सत्र सुरू झाल्यावर घासाघीस करायला ने.

भावाबाबत तुला सगळ्यात जास्त त्रास होईल. छोट्या गावात वर्षाला एका गल्लीत दोन-तीनच व्यवहार होतात. त्यातला एक भावाभावांतला असतो, एक कुणी अडचणीत विकलेला, आणि लोक त्यालाच "रेट" म्हणतात. स्वतःची वही ठेव. तारीख, गल्ली, कुणी विकलं आणि का, किती दिवस पडून होतं, सामानासकट की मोकळं, भाडेकरूसह की मोकळा ताबा. "का" हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो सरकारी नोंदीत मिळत नाही.

विक्रेत्याच्या डोक्यातला भाव म्हणजे पुष्कळदा त्यानं स्वतः दिलेली किंमत असते. बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीवर जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी काम केलं. ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं, त्यांनी बाजारात मिळण्याजोगी किंमत आणि आपली जुनी खरेदी यांतल्या फरकाचा २५ ते ३५ टक्के भाग मागणीत चढवला होता. त्यांची घरं पडूनही जास्त राहिली. असा माणूस समोर आला की त्याच्याशी वाद घालू नकोस. वहीतले व्यवहार दाखव, रिकाम्या घराचा महिन्याचा खर्च मांड आणि त्याला चार दिवस दे.

हे झालं त्यांचं. आपल्या जमातीचंही ऐक. लेविट आणि सिव्हरसन यांचा २००८ सालचा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या शिकागो परिसरातल्या घरांवरचा. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला जातं आणि बाजारात साडेनऊ दिवस जास्त राहतं. कारण उघड आहे. आणखी दहा दिवस थांबल्यानं मिळणारी जास्तीची रक्कम मालकाच्या खिशात जाते, एजंटाच्या वाट्याला तिची फोडणीपुरती मोहरी येते. म्हणून मिळाली ऑफर की "घेऊन टाका" असं तोंडातून निघतं. तुझ्याही निघेल. ऑफर आल्यावर स्वतःचं घर असतं तर थांबले असते का, हे आधी स्वतःला विचार आणि मग फोन लाव. घेणारा आणि विकणारा दोघंही तुझेच असतील, छोट्या गावात ते टळत नाही, तर दोघांना ते सांग आणि दलाली कुणाकडून किती हे लेखी ठेव.

आणि तोंड बंद ठेव. या गावात कोण नोकरी सोडतंय हे तुला विभागप्रमुखांच्या आधी कळेल, कारण राजीनाम्याच्या आधी माणूस घराची किंमत विचारायला येतो. कुणाचं घटस्फोटाचं चाललंय, कुणाला कायम केलं नाही, सगळं तुझ्या वहीत असेल. ते एकदा बाहेर गेलं की सगळ्या स्टाफरूमचा धंदा गेला.

कॉलेजकडेही लक्ष ठेव, कारण गावातल्या प्रत्येक घराच्या किमतीत ते बसलेलं असतं. प्रवेशाचे आकडे, नवं वसतिगृह कधी उघडणार, कुठला विभाग बंद होतोय. दोन-चारशे खाटांचं वसतिगृह उघडलं की लांबच्या गल्ल्यांतलं भाडं आधी ढासळतं. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख मुलं जन्मली, त्यानंतर जन्म घटत गेले, आणि ती मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिथली छोटी कॉलेजं त्या घटीची धास्ती बरीच आधीपासून घेऊन आहेत. व्हरमाँटमधल्या पोल्टनी गावचं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये बंद झालं, आयोवातल्या माउंट प्लेझंटचं आयोवा वेस्लियन विद्यापीठ २०२३ मध्ये. दोन्ही जुनी, एकोणिसाव्या शतकातली. वीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्याला कॉलेजची तब्येत सांगणं हे मी तरी आपलं कामच मानतो.

तू विचारलेल्या भाडेकरूसह घराबद्दल. मालक म्हणतोय म्हणून "मुलं जातील" यावर विसार घेऊ नकोस. भाडेकरार मागव आणि त्यात चार गोष्टी बघ: मुदत सत्राच्या शेवटाला संपते की मध्येच, मालक बदलला तर करार चालू राहतो का, डिपॉझिट कुणाकडे आहे, आणि कराराबाहेरचं कुणी राहतंय का. घेणाऱ्याला स्वतः राहायचं असेल तर मोकळ्या ताब्याची तारीख साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, घाल, तोवर शेवटचा हप्ता रोखून ठेवायची अट घाल, आणि डिपॉझिट नव्या मालकाकडे वर्ग होणार की मुलांना परत जाणार हे नावानिशी लिही. मुलांना स्वतः जाऊन भेट, त्यांच्या परीक्षेच्या तारखा विचार. करार हाती आला की मला पाठव, किमतीचं मग बोलू.

तुझा,
काका