पीडीतले तुटक डबे अन् आकाशवाणीचा घुमारा

प्रश्न : भाऊ, मी वडश्याकडचा, झाडीपट्टीच्या नाटकांले साऊंड लावतो. आमच्या एका नाटकात आकाशवाणीचा प्रसंग आहे, त्याच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर प्युअर डेटात (पीडी, म्हणजे डबे तारांनी जोडून आवाजाचं काम करायचं सॉफ्टवेअर) पॅच, म्हणजे डब्यांची जुळणी, होता, माईकचा आवाज घुमवायचा अन् एक बटन दाबलं का पुढचा इफेक्ट वाजवायचा. तो लॅपटॉप मेला. नव्यावर पीडी टाकून पॅच उघडला तर अर्धे डबे तुटक रेघांचे दिसून राहिले अन् खिडकीत 'फ्रीव्हर्ब~ कुडन्ट क्रिएट', 'काउंटर कुडन्ट क्रिएट' असं येऊन राहिलं. दिवाळी झाली का सीजन सुरू, काय करू?

उत्तर : दादा, पॅच बिघडला नाही. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर बहुतेक पीडी-एक्स्टेंडेड होतं, त्यात बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या ढीगभर लायब्ऱ्या आधीच भरून यायच्या, पण ते २०१३ नंतर बंदच पडलं. आता जे मिळतं ते मिलर पकेट यांचं मूळ पीडी, ज्याला सगळे व्हॅनिला म्हणतात, अन् त्यात फ्रीव्हर्ब~ (घुमाऱ्याचा डबा) नाही, काउंटर (मोजणारा डबा) नाही. ०.४७ पासून डेकेन नावाची सोय आतच आहे, तिथून हे डबे उतरवता येतात, तेवढ्यानं आजचं काम भागेल. पण उद्या नाटक दुसऱ्या गावात, मंडपात नेट नाही, कोणाचा तरी लॅपटॉप मागून आणलेला, तेव्हा पुन्हा तेच रडगाणं. शिवाय बाहेरचा डबा म्हणजे त्या त्या मशीनसाठी बनवलेली फाईल, विंडोजची डीएलएल फाईल रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालत नाही, मी स्वतः एकदा एक रात्र यातच घालवली. म्हणून माझं मत, जे आतल्या डब्यांनी होतं ते आतल्यानंच करा.

आधी घुमारा. व्हॅनिलाच्या एक्स्ट्रा फोल्डरमध्ये रेव्ह३~ आहे (डब्यात अर्थात इंग्रजीतच टाईप करायचं). डब्यात चार आकडे लिहा, १०० ८५ ३००० २०. पहिला लेव्हल, डेसिबलमध्ये, १०० म्हणजे आवाज जितका आला तितकाच. दुसरा आकडा खरा, त्याला लाइव्हनेस म्हणतात : ८० ला घुमारा आखूड, ९० ला लांब, अन् १०० केला तर तो थांबतच नाही. तिसरा अन् चौथा जोडीनं चालतात, ३००० हर्ट्झच्या वरचा आवाज किती लवकर विझवायचा ते टक्क्यांत. फ्रीव्हर्ब~ मध्ये वेट-ड्राय (घुमलेला अन् कोरा आवाज यांचं प्रमाण) आतच होतं, इथे तसं बटन नाही, म्हणून माईकचा कोरा आवाज वेगळ्या तारेनं, *~ (आवाज कमी-जास्त करणारा डबा) मधून, सरळ डॅक~ (स्पीकरकडे आवाज नेणारा डबा) कडे न्या अन् दोन्हींचं प्रमाण कानानं जुळवा. हुबेहूब जुना आवाज येणार नाही हे आधीच सांगतो, दोघांच्या आतली गणितं वेगळी आहेत, आकाशवाणीसाठी मला तर रेव्ह३~ च बरा वाटतो.

पण मंडपात माईक उघडे टांगलेले असतात न भाऊ! घरी हेडफोनवर ९५ लाइव्हनेस लय भारी वाटतो अन् तिथे भोंगा शिट्टी मारायला लागतो. ८२-८५ च्या वर जाऊ नका, अन् रेव्हच्या आधी हिप~ १५० (१५० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा डबा) टाका म्हणजे रंगमंचावरच्या पायांची धपधप घुमत नाही.

काउंटरचं सोपं आहे. एक एफ डबा (आकडा धरून ठेवणारा), एक + १. एफचा आउटपुट + १ मध्ये, अन् + १ चा आउटपुट परत एफच्या उजव्या तोंडात. बँग (बटन दाबल्याचा इशारा) एफच्या डाव्या तोंडात. चारच इफेक्ट असतील तर एफच्या खाली मॉड ४ लावा, आकडा ० ते ३ फिरत राहतो.

तुमच्या पॅचमध्ये गेट (माल पुढे सोडायचा का अडवायचा ते ठरवणारा) अन् प्रीपेंडही (पुढे शब्द जोडणारा) निघतील असा माझा अंदाज आहे, कारण काउंटरवाल्या सायक्लोन लायब्ररीत ही सगळी मॅक्स या पीडीसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरची नावं आहेत. गेटच्या जागी स्पिगॉट, पण इथेच लोक फसतात : गेटला चालू-बंद डाव्या तोंडात अन् माल उजव्यात, स्पिगॉटला बरोबर उलटं, म्हणून नुसतं नाव बदललं तर तारा चुकीच्या जातात अन् एररही येत नाही, नुसतं शांत. प्रीपेंड सेटसाठी लिस्ट प्रीपेंड सेट अन् त्याच्या खाली लिस्ट ट्रिम, ट्रिम विसरलं तर समोर 'लिस्ट' हा शब्द चिकटून जातो. एकच आकडा पाठवायचा असेल तर सेट $१ असा मेसेज डबा टाका, झालं.

कोणता डबा अडला ते शोधत बसू नका, खिडकीतल्या एररवर कंट्रोल दाबून क्लिक करा, पीडी थेट त्या डब्यावर नेतं.

प्रश्न : मी मेहकरकडचा शिक्षक. शाळेच्या प्रकल्पात आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा सेन्सर कॉमपोर्ट या डब्यानं पीडीत घेतो. त्यालाही आतला पर्याय आहे का?

उत्तर : नाही सर. सीरियल पोर्ट (आर्डुइनोचा आकडा ज्या वाटेनं येतो ती) वाचणारा डबा व्हॅनिलात नाही, तेव्हा कॉमपोर्ट डेकेनमधून घ्या अन् त्याचं फोल्डर पॅचच्या शेजारीच पेन ड्राईव्हवर ठेवा. सेन्सरचा आकडा ० ते १०२३ येतो, त्याला ० ते १ करायला मात्र स्केल डबा शोधू नका, / १०२३ पुरतं.