चाळिशीत पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली

“वर्षभर दुसऱ्या बाईंच्या वर्गात मदतनीस म्हणून राहायचं, आणि तेही या वयात? शिवाय हे सर्टिफिकेट खरं धरतात का हो?”

बॉस्टनजवळ राहणाऱ्या, माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका ताईंनी हे दोन प्रश्न एका दमात विचारले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुण्यातून गणितात एम.एस्सी., काही वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, मग मुलं. धाकटा मिडल स्कूलला गेल्यावर त्यांना शाळेत गणित शिकवायचं होतं. टीचर रेसिडेन्सीची, म्हणजे वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहून शिक्षक होण्याच्या मार्गाची, माहिती त्यांनी स्वतःच काढली होती. अडलं होतं ते घरच्यांच्या शेऱ्यांवर. सासूबाई सुट्टीत पुण्याला येऊन बी.एड. कर म्हणत होत्या. नवऱ्याला हा मागच्या दाराने प्रवेश वाटत होता. आपल्याकडे बी.एड. आणि टीईटीशिवाय शिक्षक ही कल्पनाच पचत नाही, त्यामुळे या प्रश्नाची मला सवय आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये रेसिडेन्सी पूर्ण करणाऱ्याला मिळतं ते इनिशिअल लायसन्सच, म्हणजे शिक्षकाचा तोच परवाना, जो विद्यापीठातून रीतसर शिकून आलेल्यालाही मिळतो. एमटीईएलच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षक-परवान्यासाठीच्या, परीक्षाही त्याच. गणिताचा पेपर ताईंना जड नव्हता, इंग्रजी वाचन-लेखनाच्या पेपरची मात्र धास्ती होती. रेसिडेन्सी ही कल्पना डॉक्टरांच्या प्रशिक्षणावरून घेतलेली आहे. शिकागोत 2001 मध्ये आणि बॉस्टनच्या सरकारी शाळांसाठी 2003 मध्ये असे कार्यक्रम सुरू झाले. वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काम, जोडीला अभ्यासक्रम, बहुतेक ठिकाणी शेवटी मास्टर्स.

पहिला प्रश्न अवघड होता, कारण तो वयाचा नव्हताच. त्यांच्या एका मैत्रिणीने पदवी आणि एमटीईएलच्या जोरावर प्रोव्हिजनल लायसन्स (तात्पुरता परवाना) घेतलं आणि थेट स्वतःच्या वर्गावर उभी राहिली. पूर्ण पगार, पहिल्या दिवसापासून. “मग मी वर्ष का घालवू?”

मी त्यांना विचारलं, मैत्रिणीचं पहिलं वर्ष कसं गेलं? ताई थोडं थांबल्या. रोज रात्री फोनवर रडायची, म्हणाल्या. समोर आठवीची मुलं, पण त्यांचं गणित तिसरीतलं, काही जणांना इंग्रजी धड येत नाही, एक मुलगा अर्ध्या तासात वर्गाबाहेर निघून जातो. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांनी अमेरिकन शाळेत पालक म्हणूनच पाऊल टाकलंय, त्यांनी पहिलं वर्ष एकट्याने काढू नये. आपण फळ्यावर गणित सोडवून दाखवण्याला शिकवणं समजत वाढलो. तिथे मुलांनी चुकत चुकत बोलायचं असतं आणि बाईंनी गप्प राहायचं असतं.

पैशांवर मात्र आम्ही जास्त वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा होता. रेसिडेन्सीत मिळणारा स्टायपेंड पगारापेक्षा बराच कमी असतो. फी वेगळी असू शकते. आरोग्यविमा कुणाकडून? अमेरिकी केंद्र सरकारच्या टीचर क्वालिटी पार्टनरशिप अनुदानावर चालणाऱ्या कार्यक्रमात नंतर किमान 3 वर्षं गरजू शाळेत शिकवावं लागतं, मध्येच सोडलं तर स्टायपेंड परत करावा लागतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने यातली बरीच अनुदानं अचानक रद्द केली. म्हणून मी त्यांना सांगितलं, स्टायपेंड कोण देतं आणि तो स्रोत आटला तर काय, हे मुलाखतीत विचारा. संकोच नको.

त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं. एच-4 वर (एच-1बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असणाऱ्यांनी आधी ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, बघावं, बाकी सगळं नंतर. पदवीचंही तसंच. नुसती तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरतीलच असं नाही. ताईंची एम.एस्सी. इथे कामी आली.

नवऱ्याला एका भेटीला बोलावलं. ‘मागचं दार’ हा शब्द त्यांनी परत काढला नाही. करार मात्र ओळ न् ओळ वाचला आणि एका वर्षाचा घरखर्च मांडून आणला. तेच हवं होतं.

ताईंना प्रवेश मिळाला. ऑक्टोबरात फोन आला तेव्हा तक्रार होती ती मेंटॉरबाईंबद्दल, वयाने ताईंपेक्षा बरीच लहान. तिने पाठ बघून एकच शेरा लिहिला होता: तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. ताई दुखावल्या होत्या. तिचं खोटं आहे का, मी विचारलं. “खोटं नाही हो, म्हणूनच तर फोन केला.” मग प्रश्न विचारल्यावर मुलांना किती वेळ द्यायचा, यावर आम्ही उरलेला वेळ बोललो. वयाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.