कागद तीन, कसोटी एक

कोल्हापूर

प्रिय शिक्षणसेवक,

सप्रेम नमस्कार.

एकाच वर्गात तीन गट करून, प्रत्येक गटाला सोपा-अवघड असा वेगळा प्रश्नांचा कागद देऊन शिकवता, हे चांगलंच. पण सोप्या कागदावर 10 पैकी 10 मिळवणारा आणि अवघड कागदावर 7 मिळवणारी, यांना श्रेणी कशी द्यायची, हा तुमचा प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं: वाट वेगळी ठेवा, अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं ते, एकच ठेवा. गुण कागदाला द्यायचे नसतात, निष्पत्तीला द्यायचे असतात.

सहावीतली भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घ्या. 2/3 + 1/4. तपासणीआधीच गुण वाटून ठेवा: छेद 12 निवडला तर 4, 8/12 आणि 3/12 असं रूपांतर केलं तर 4, बेरीज 11/12 आली तर 2. आता मागे पडलेल्या गटाला तुम्ही बारा चौकोनांची आखलेली पट्टी दिलीत, की सगळ्यात अवघड पायरी तुम्हीच चढून दिली. ते 4 गुण त्या कागदावर मुलाला मिळवताच येत नाहीत. म्हणून पट्टी द्या, पण कोरी. किती भाग करायचे ते त्याला ठरवू दे. त्यानं 12 भाग केले, तर ते 4 गुण हक्कानं त्याचे. पुढच्या गटाला गुळाच्या ढेपेचं गणित द्या: 2/3 भाग सकाळी विकला, 1/4 दुपारी, उरला किती? त्यातली शेवटची वजाबाकी जास्तीची आहे. ती चुकली म्हणून बेरजेचे गुण कापू नका.

एखाद्यानं 3/7 लिहिलं असेल, तर नुसती फुली मारू नका. त्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. बेरीज 2/3 पेक्षाही लहान आली, हे त्याला पट्टीवर बघू दे.

गणितात वाचनाची परीक्षा घ्यायची नसते. अडखळत वाचणाऱ्याला गणित वाचून दाखवा, तिथं गुण कापायचे नाहीत. ‘आधी तुकडं सारखं केलं पायजेत, मग बेरीज’ असं कारण कुणी आपल्या बोलीत सांगितलं, तर ते पूर्ण बरोबर आहे. मराठीच्या वाचन-आकलनात मात्र उतारा वाचून दाखवलात, तर मोजायचं तेच हातून गेलं. छेद तुम्ही सुचवला असेल, तर नोंदवहीत त्या गुणाशेजारी ‘म’ (मदत) लिहा आणि आठवड्यानं मदतीशिवाय पुन्हा विचारा.

सरासरीपासून सांभाळा. एकाच निष्पत्तीवर 2, 3, 7, 8 असे गुण पडले, तर सरासरी 5, म्हणजे क-2 श्रेणी (41 ते 50 टक्के). पण आज ते मूल 7-8 वर आहे, सरासरी 7.5, म्हणजे ब-1 च्या पट्ट्यात (71 ते 80 टक्के). आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाची, नोंद करताना शेवटच्या दोन नोंदींना मान द्या. गैरहजेरीचा शून्य तर लिहूच नका. 8, 8, 8 च्या पुढे 0 घातला, की ब-1 चं मूल क-1 वर (51 ते 60 टक्के) येतं. आपल्याकडं गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं मध्येच वर्गात येतात, मध्येच जातात. त्यांची जागा कोरी ठेवा आणि आल्यावर दहा मिनिटं तोंडी काम घ्या. तोंडी काम हे आकारिक मूल्यमापनाचं मान्य साधन आहे.

कष्ट, वही, शिस्त यांचे गुण श्रेणीत मिसळू नका. त्यासाठी वर्णनात्मक नोंद आहे. पण ‘प्रगती समाधानकारक’ लिहून कुणालाच काही कळत नाही. ‘समच्छेद बेरीज स्वतः करतो, भिन्नछेदात छेद शोधताना अडतो’ असं लिहा. पुढच्या वर्षीचे गुरुजी तिथूनच सुरुवात करतील.

2010 च्या शासन निर्णयात सहावीला आकारिक 50 आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 50 टक्के असा भार आहे. दोन्हींत एकाच मुलाचं अंतर फार दिसलं, तर आधी तुमचे कागद तपासा. आकारिकात 45 आणि संकलितात 20 म्हणजे बहुधा मदत मोजायची राहिलीय.

तपासताना नाव दिसेल ते पान दुमडा. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. शेवटी पहिले पाच पेपर पुन्हा काढा. हात सुरुवातीला आखडता असतो आणि नंतर सैल पडतो. फरक दिसला, तर निकालपत्रक भरण्याआधीच दुरुस्त करा.

तुमचा हितचिंतक