दोन महिने नेमके कधीपासून मोजायचे?

मिरजेजवळच्या एका ताईंनी चकली-चिवड्याच्या कारखान्याबद्दल विचारले आहे. भाड्याचा गाळा, चार बायका कामाला. ३ जूनला एजंटमार्फत राज्य परवान्याचा अर्ज केला. ‘दोन महिने झाले की परवाना मिळाल्यातच जमा’ असे एजंटने सांगितले, म्हणून ५ ऑगस्टला भट्टी पेटवली. १० ऑक्टोबरला अन्न सुरक्षा अधिकारी आले, पंचनामा झाला आणि आता विनापरवाना व्यवसायाबद्दल कारणे दाखवा नोटीस हातात पडली आहे. दिवाळीच्या तोंडावर अशी पत्रे दरवर्षी येतात. तपशील तेवढे बदलतात, एजंट मात्र प्रत्येक पत्रात असतोच.

ताई, एजंट खोटे बोलला नाही, तो अर्धे बोलला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३१(४) ला एक परंतुक आहे. अर्ज केल्यापासून दोन महिन्यांत परवाना दिला नाही आणि अर्ज फेटाळलाही नाही, तर अर्जदार धंदा सुरू करू शकतो. मग अधिकाऱ्याला परवाना नाकारता येत नाही, फार तर कलम ३२ खाली सुधारणा नोटीस काढता येते. फायलीवर बसून राहणाऱ्या कार्यालयांची सवय ओळखूनच संसदेने हे लिहिले असावे. पण २०११ ची परवाना नियमावली हेच दोन महिने ‘परिपूर्ण’ अर्जापासून मोजते, आणि ६० दिवसांच्या आत त्रुटी कळवली असेल तर ही सवलत देत नाही. तुमचे प्रकरण नेमके इथे अडकले आहे.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर १४ जूनला अर्ज ‘रिव्हर्टेड’ दिसतो. म्हणजे त्रुटी निघाली होती: पाण्याचा तपासणी अहवाल जोडलेला नव्हता. तुम्हाला ते कळले नाही, कारण अर्जात मोबाइल आणि ईमेल दोन्ही एजंटचे होते. स्वतःच्या धंद्याच्या अर्जावर स्वतःचा नंबर नाही, याला काय म्हणावे? गाळ्याच्या वीजबिलावर तरी तुमचे नाव आहे ना?

त्रुटीची पूर्तता करायला ३० दिवस मिळतात, म्हणजे १४ जुलैपर्यंत. एजंट म्हणतो, ‘जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल अपलोड केला’. पावती त्याच्याकडे नाही. सगळे प्रकरण या एका तारखेवर उभे आहे.

समजा, अहवाल ९ जुलैला चढवला आणि त्यानंतर नवी त्रुटी किंवा तपासणीचा दोष कळवला गेला नाही. मग अर्ज त्या दिवशी परिपूर्ण झाला आणि दोन महिने ९ सप्टेंबरला भरले. पंचनामा १० ऑक्टोबरचा आहे. त्या दिवशीच्या उत्पादनाला परंतुकाचे कवच मिळते, असे तुम्ही ठामपणे मांडू शकता. ५ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर हा काळ मात्र उघडा पडतो. कायद्यात ‘अर्ज केल्यापासून’ एवढेच शब्द आहेत, ‘परिपूर्ण’ हा शब्द नियमावलीने घातला, असा युक्तिवाद त्या काळासाठी करता येतो. त्यावर विसंबून राहू नका.

पूर्तता १४ जुलैपर्यंत झालीच नसेल, तर नियमावलीप्रमाणे अर्ज बाद. मग तुम्ही ज्या परंतुकाच्या भरवशावर भट्टी पेटवली, ते तुमच्यासाठी नव्हतेच. अर्ज फेटाळण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी आणि लेखी कारणे द्यावी लागतात, हा मुद्दा उरतो. अन्न सुरक्षा आयुक्तांकडे कलम ३१(८) खाली अपीलही आहे. पण त्यांचा निर्णय अंतिम असतो आणि तोवर भट्टी थंडच राहणार. नवा अर्ज लवकर निकाली निघेल.

तेव्हा आजच एजंटकडून फॉस्कॉसचा, म्हणजे परवान्याचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलचा, लॉगिन घ्या. तो देत नसेल तर सांगलीच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी अर्ज देऊन अर्जाचा पूर्ण तारीखवार प्रवास मागा आणि पोच घ्या. तो कागद हातात येईपर्यंत नोटिशीला सविस्तर उत्तर देऊ नका, पण मुदतही चुकवू नका. मुदतीच्या आत एका पानावर मुदतवाढ मागा. ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात लिहू नका. दंड ठरवताना कलम ४९ खाली मिळालेला फायदा, इतरांचे नुकसान, चूक पुन्हा झाली का आणि ती नकळत झाली का हे पाहतात. ते वाक्य त्या टप्प्यावर कामी येईल. दंडाच्या आकड्याबद्दल आताच काही सांगत नाही. विनापरवाना धंद्याच्या शिक्षेचे कलम ६३ आहे, त्याचा मजकूर २०२३ च्या जन विश्वास कायद्याने बदलला आहे, जुन्या पुस्तकातला आकडा धरून बसू नका.

उत्पादन बंद ठेवा. दिवाळीच्या ऑर्डरी आहेत हे मला समजते, पण पंचनाम्यानंतर विकलेले प्रत्येक पाकीट ‘नकळत’ या शब्दाच्या विरुद्ध साक्ष देईल.

तुमची रोजची क्षमता शंभर किलोच्या आत असेल आणि उलाढालही कमी असेल, तर राज्य परवाना लागतच नव्हता, साधी नोंदणी पुरली असती. उलाढालीची मर्यादा बदलत असते, ती पोर्टलवर ताजी पाहा. एजंटने मोठा अर्ज का भरला, ते त्याच्या बिलावरून कळेल.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, ती फोटोत दिसली. पाकिटांवर परवाना क्रमांक म्हणून अर्जाचाच क्रमांक छापला आहे. परवाना क्रमांक चौदा आकडी असतो. चुकीच्या लेबलाचे कलम ५२ वेगळे आहे आणि त्यात तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ती पाकिटे बाजारातून परत मागवा, आणि किती परत आली याची नोंद वहीत तारीखवार ठेवा.